निर्विकार चेहऱ्याची बाई

अर्पितानं मोबाईल आईच्या ताटाशेजारी ठेवला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. "हे तूच हायेस ना?" तिनं विचारलं.

चांगुणा ड्युटीवरून येऊन नुकती जेवायला बसली होती. उष्टा हात लागू नये म्हणून तिनं डाव्या हातानं मोबाईल जवळ ओढला. रस्त्याच्या कडेला उभी असलेली लाल एसटी. पुढं मोरीच्या कठड्यावर बसलेली, खाकी कपड्यांतली कंडक्टर बाई. मांडीवर उघडा डबा. बाई भाकरीचा तुकडा मोडते, भाजीला लावते, तोंडात घालते, चावते. पुन्हा मोडते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. खाली लाल अक्षरांत कुणीतरी लिहिलं होतं, 'ड्रायव्हरचं प्रेत दवाखान्यात, अन् कंडक्टर बाईचा त्याच्याच डब्यावर ताव!'

"हाव, मीच," चांगुणा म्हणाली.

"अन् डबा?"

"हिंमतभाऊचा."

आई 'नाही' म्हणेल, निदान काही सबब सांगेल, अशी अर्पिताची आशा असावी. ती आवाज दाबून बोलू लागली. कॉलेजच्या ग्रुपवर सकाळीच हे आलं होतं. पोरी मधल्या सुट्टीत घोळका करून पाहत होत्या आणि ती आली की मोबाईल पालथा घालत होत्या. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तिनं आईला वाचून दाखवलं नाही, पण चांगुणानं अंगठ्यानं सरकवून स्वतःच वाचलं. हिला काळीज नाही. दगड आहे दगड. असली बाई घरात असली तर घराचं मसण होईल. एका शिकलेल्या माणसानं शुद्ध भाषेत लिहिलं होतं, 'इतका निर्विकार चेहरा मी आयुष्यात पाहिला नाही.'

"निर्विकार म्हंजे काय व?" चांगुणानं विचारलं.

"ज्याले काईच वाटत नाही असा," अर्पिता म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. अर्पिताचे वडील संभाजीनगरकडे कंपनीत कामाला होते. चिखलीच्या या दोन खोल्यांत मायलेकीच राहत. त्यामुळं ते लागलेलं दार चांगुणाला फार मोठं वाटलं. तिनं ताटातलं उरलेलं जेवण संपवलं. अन्न टाकायचं नाही हे तिच्या अंगवळणीच पडलेलं होतं. पण त्या वेळी कुणी तिचा चेहरा टिपला असता, तर लोकांना आणखी एक व्हिडिओ मिळाला असता.

चांगुणाचा चेहरा जन्मापासून असाच. माहेरी तिला घुमी म्हणत. आई गेली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. भावकीतल्या बाया ऊर बडवत होत्या, आणि ही चुलीपुढं बसून आलेल्या-गेलेल्यांसाठी पिठलं हाटत होती. तिचं आतून काय होत होतं ते चुलीलाच ठाऊक. लग्नात पाठवणीच्या वेळी डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा मावशीनं दंडाला चिमटा काढला. दंड काळानिळा झाला, डोळे कोरडेच राहिले. सासरी मग 'मख्ख' हे नाव पडलं. तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. एसटीत लागली आणि तोच चेहरा कामाला आला. दारू पिऊन चढणारा, सुट्ट्यावरून हमरीतुमरीवर येणारा, मुद्दाम धक्का देऊन जाणारा, सगळे त्या चेहऱ्यापुढं आल्यावर आपोआप ओळीत येत.

हिंमतराव तिच्याच जातकुळीचा माणूस. ड्रायव्हर म्हणून आयुष्य गेलं, पण त्याच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नाही. रस्त्यात म्हैस बसलेली असो की समोरून ट्रकवाला अंगावर येवो, हा स्टिअरिंगवरचे हात तेवढे हलवणार. चिखली–लोणार फेरीवर दोघं कितीतरी वर्षं बरोबर होते. तो तिला 'बाई' म्हणायचा, ती त्याला 'भाऊ'. डेपोतले लोक त्यांच्या गाडीला 'मुक्याची गाडी' म्हणत. लोणारला पोचलं की स्टँडमागच्या कडुलिंबाखाली दोघं डबे उघडत, एकमेकांची भाजी वाढून घेत, आणि न बोलता जेवत. एकदाच कधीतरी पोट बिघडलं म्हणून हिंमतरावनं डबा उघडलाच नाही. परतीच्या वाटेवर बस भरधाव चाललेली असताना, कुणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला होता, "भरला डबा घरी गेला ना बाई, तं ते बोलत नाही माह्यासंग. वाईट वाटून घेते." ते म्हणजे त्याची बायको, सुभद्राबाई. चांगुणानं मग त्याचाही डबा खाल्ला होता, बसल्या जागी, तिकिटाची बॅग बाजूला सारून.

त्या दिवशी वैशाखाचं ऊन डांबर वितळवत होतं. मेहकर सोडून गाडी सुलतानपूरकडं निघाली होती. सुलतानपूर हिंमतरावचं गाव. चांगुणा मागं तिकिटं देत होती. तिनं घंटी दिलेली नव्हती, कुणी उतरायचं म्हटलं नव्हतं, तरी गाडीचा वेग कमी झाला. गाडी हळूच डांबराखाली उतरली, मोरीच्या अलीकडं नीट कडेला उभी राहिली. इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. टायर बसलं असेल, असं वाटून ती पुढं गेली, तर हिंमतरावनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलेलं.

पुढचं सगळं तिनं केलं, आणि कसं केलं ते तिला नंतर सांगता आलं नाही. दोन प्रवाशांच्या मदतीनं त्याला खाली निजवलं. ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं तसं छातीवर दाबत राहिली, दम संपला तरी दाबत राहिली. ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली, घेऊन गेली, आणि थोड्याच वेळात मेहकरहून फोन आला की माणूस आधीच गेलेला होता. गाडीत एक बाळंतीण लेकराला घेऊन बसली होती, ती घाबरून रडायला लागली. तिला जीपमध्ये बसवून दिली. एका म्हाताऱ्याला चक्कर आली, त्याला पाणी पाजून सावलीत निजवलं. येईल त्या वाहनाला हात करून एकेक प्रवासी लावून दिला. डेपोतून निरोप आला, गाडी सोडून हलू नका, ब्रेकडाऊन व्हॅन येते आहे.

मग कुणीच उरलं नाही. रिकाम्या गाडीत ती आपली बॅग घ्यायला चढली, आणि तिला ड्रायव्हरच्या सीटमागच्या हुकाला अडकवलेला, झाकणावर हिंमतरावचं नाव कोरलेला डबा दिसला.

त्या वेळी तिच्या मनात आलं ते एवढंच. हा डबा आता सामानाबरोबर घरी जाईल. आज जाईल, नाहीतर उद्या जाईल. सुभद्राबाई उघडेल. या उन्हानं भाजीला आंबूस वास सुटलेला असेल. भल्या पहाटे उठून स्वतःच्या हातानं भरलेला डबा ती स्वतःच्याच हातानं उकिरड्यावर ओतेल. भरला डबा.

तिनं तो खाली आणला, कठड्यावर बसली आणि जेवली. घास गिळवत नव्हता. प्रत्येक घासाला पाणी प्यावं लागत होतं. पण ते पाणी पिणं व्हिडिओत आलं नाही, कारण मोटारसायकलवरून जाणाऱ्या पोराला तेवढा वेळ थांबायचं नव्हतं. तिनं सगळा डबा संपवला, जवळच्या हापशीवर राख लावून घासला आणि फडक्यात गुंडाळून आपल्या बॅगेत ठेवला.

अंत्यविधीला ती सुलतानपूरला गेली होती. डबा बॅगेतच होता. पण तिथं एवढा आकांत चालला होता की त्यात पुढं होऊन बाईच्या हातात डबा देणं तिला बरं दिसेना. ती मागं उभी राहिली आणि परत आली. व्हिडिओ त्यानंतर फिरला.

डेपोत साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, वरून फोन येत आहेत, संस्थेचं नाव खराब होतं आहे, तुम्ही काही दिवस रजेवर जा. मग जरा अडखळत त्यांनी दुसरी गोष्ट काढली. तिनंही एक छोटा व्हिडिओ करावा. चूक झाली असं म्हणावं. "आणि जरा… भावना दिसू द्या, चांगुणाबाई. लोकांना तेवढंच हवं असतं."

"रडू म्हणता का, साहेब?"

"तसं नाही म्हणत मी."

"मंग कसं म्हणता?"

साहेबांनी रजेचा अर्ज तिच्यापुढं सरकवला. चांगुणा घरी आली. आजवर लोकांनी किती नावं ठेवली, तिनं हूं का चूं केलं नव्हतं. पण डोळ्यांत पाणी आणून दाखव, म्हणजे तुला माणसांत घेतो, असा हा सौदा तिला कुणी पहिल्यांदाच समोर बसवून सांगितला होता. तिला वाटलं, मावशीचा चिमटा बरा. तो निदान पदराआड होता.

आठवड्यात डेपोच्या आवारात हिंमतरावची शोकसभा झाली. रजेवर असली तरी चांगुणा गेली. शेवटच्या ओळीत बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. टेबलावर हार घातलेला फोटो होता. फोटोतही हिंमतराव नेहमीसारखाच, ना हसू ना राग. दोघा-तिघांची भाषणं झाल्यावर साहेब उठले. चांगलं बोलले. म्हणाले, हिंमतराव म्हणजे आमच्या डेपोचे स्थितप्रज्ञ. सुखानं हुरळले नाहीत, दुःखानं खचले नाहीत. काळ समोर उभा असतानाही निर्विकारपणे त्यांनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक लावला, आणि मगच डोळे मिटले.

लोकांनी माना डोलावल्या. एकानं डोळे पुसले.

चांगुणाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तो शब्द तिच्या कानात घोंगावायला लागला. ती उभी राहिली. बोलायचं असं ठरवून ती आली नव्हती. सभेत उभं राहून बोलण्याची तिची जन्मातली पहिलीच खेप होती.

"साहेब, एक इचारू का?" ती म्हणाली. "निर्विकार हा शब्द चांगला हाये का वाईट?"

साहेब गोंधळले. शोकसभेत असा प्रश्न कुणी विचारत नाही. ते म्हणाले, चांगलाच आहे की, विकार नसलेला माणूस, साधुसंतांसारखा.

"मंग तोच शब्द मोबाईलवर माह्या नावाखाली लोकायनं शिवी म्हणून लिहेल हाये. हिंमतभाऊ अन् मी, आमचा दोघायचा स्वभाव एकच होता. साऱ्या डेपोले मालूम हाये. मुक्याची गाडी म्हणत होते तुम्ही. भाऊनं शेवटपर्यंत गाडी सांभाळली, ते रडत नाही बसले, तं ते स्थितप्रज्ञ. त्यायनं थांबवेल गाडीतली मानसं म्या एकेक करून घरी लावून देल्ली, मीबी रडत नाही बसली, तं मी दगड. असं काऊन?"

पुढच्या ओळीतून युनियनचा एक माणूस मागं वळून म्हणाला, बाई, ही जागा आहे का या गोष्टीची? मेलेल्या माणसाची तरी लाज ठेवा. डबा खाल्लाच ना तुम्ही?

"खाल्ला," चांगुणा म्हणाली. "अन् पुरा खाल्ला."

कुठूनतरी दबलेलं हसू आलं. साहेबांनी हात वर करून सर्वांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. सगळे माना खाली घालून उभे राहिले. चांगुणा उभीच होती. नंतर चहा आला. तिच्यापर्यंत ट्रे आला नाही, किंवा आणणाऱ्यानं मुद्दामच आणला नसेल. तिला तो नकोही होता. आत राग उसळत होता, चेहरा मात्र तसाच असणार, याचा तिला भरवसा होता.

त्या रात्री अर्पिताला सभेत काय झालं ते कुणाकडून तरी कळलं. ती आईशेजारी येऊन झोपली. आईनं का खाल्लं, हे तिनं विचारलं नाही, पण चांगुणानं आपणहून सांगितलं, चार वाक्यांत. अर्पिता तिच्याकडं वळली. म्हणाली, "हे तू त्यायले काऊन नाही सांगत?"

"ते सांगासाठी खाल्लं नोयतं," चांगुणा म्हणाली.

तेरवी होऊन गेल्यावर एका सकाळी चांगुणा लोणारच्या बसनं निघाली. साडी नेसून, प्रवासी म्हणून. गाडीत नवा ड्रायव्हर होता, नवा कंडक्टर होता. मोरी आली आणि गेली. सुलतानपूरला उतरून ती हिंमतरावच्या घराकडं चालू लागली, तेव्हा गावानं तिला ओळखलं. आता मोबाईलमुळं कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. हापशीवरची बाई हंडा तसाच ठेवून मागं निघाली, शेजारची निघाली, तिची जाऊ निघाली. चांगुणा दाराशी पोचली तेव्हा मागं सात-आठ बाया जमल्या होत्या. आता काहीतरी पाहायला मिळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक तर सुभद्राबाई हिच्या झिंज्या धरेल, नाही तर दोघी गळ्यात पडून रडतील. दोन्हींतलं काही झालं तरी चालणार होतं.

सुभद्राबाई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. घरामागच्या वाफ्यातली मेथी ती रोज बाजाराला लावून द्यायची, त्यात खंड पडून चालत नव्हतं. तिनं वर पाहिलं. चांगुणाला तिनं लांबून, चालत्या गाडीच्या दारात कित्येक वेळा पाहिलं होतं. समोरासमोर आजच.

"या," ती म्हणाली. "बसा."

चांगुणा बसली. बॅगेतून डबा काढून तिनं तो दोघींच्या मधे ठेवला. सुभद्राबाईनं तो उचलला, झाकण उघडून आत पाहिलं, लख्ख घासलेला पाहिला, आणि झाकण लावून मांडीवर ठेवून घेतला. अंगणातल्या बाया पुढं सरकल्या.

"ते मोबाईलवाले आलते इथं," सुभद्राबाई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "कॅमेरा धरून इचारत होते, तुमच्या नवऱ्याचा डबा त्या बाईनं खाल्ला, तुमाले काय वाटते. म्या काईच नाही बोलली. मले बोलाचंच नोयतं त्यायच्यासंग. तं त्यायनं खाली लिहिलं, दुःखानं बाईची वाचा बसली."

चांगुणानं मान हलवली.

"माह्यी सासू मले जनमभर ठोकळा म्हणे," सुभद्राबाई पुढं म्हणाली. "आता मानूस गेलं तं लोक म्हणतात, बिचारीची वाचा बसली. मी जशी होती तशीच हावो."

शेजारणीनं हाताच्या इशाऱ्यानं दुसरीला विचारलं, काय चाललंय. दुसरीनं ओठ मुडपले.

मग सुभद्राबाईनं मेथीची जुडी हातात घेतली, पाला नीट केला, आणि विचारलं, "भाजी कशी झालती?"

चांगुणा खोटं बोलू शकली असती. छान झाली होती, असं म्हणणं सोपं होतं. पण समोरच्या बाईनं ते ऐकण्यासाठी विचारलं नव्हतं.

"मीठ कमी होतं," ती म्हणाली. "बाकी चांगली होती. वांगं कवळं होतं."

"त्यायले बीपी होतं," सुभद्राबाई म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं तईपासून मीठ मी कमीच टाके. ते कधी बोलले नाही, कमी हाये म्हणून."

"मलेबी नाही बोलले कधी."

"संपवला सारा?"

"संपवला. काईच नाही ठेवलं."

सुभद्राबाईच्या हातातली जुडी थोडा वेळ तशीच राहिली. मग तिनं दोरा गुंडाळला, गाठ मारली, दातानं तोडला. "बरं केलं," ती म्हणाली. एवढंच. तिथून पुढं त्या मेथीबद्दल बोलल्या, वाफ्याला पाणी किती दिवसांनी येतं त्याबद्दल बोलल्या. चांगुणानं न विचारता पुढ्यातला ढीग अर्धा आपल्याकडं ओढला आणि तीही जुड्या बांधू लागली. अंगणात उभं राहून पाय दुखले तशा बाया कंटाळल्या. कुणी झिंज्या धरल्या नाहीत, कुणी हंबरडा फोडला नाही. "दोघीबी सारख्याच दगड," एक जण पुरेशा मोठ्यानं म्हणाली. ते ओसरीपर्यंत पोचलं. दोघींनीही मान वर केली नाही.

डेपोचं सांगायचं तर, रजा संपल्यावर चांगुणाला खामगावची फेरी दिली. लोणारची परत मिळाली नाही. साहेब नंतर कधी त्या विषयावर बोलले नाहीत, आणि महिन्याभरात लोकांना बघायला दुसरा कुणाचातरी व्हिडिओ मिळाला. माफी कुणी मागितली नाही. ज्यानं तो शुद्ध शब्द लिहिला होता, त्याच्या तर लक्षातही राहिलं नसेल.

पण हे नंतरचं. त्या दिवशी दुपारी परतीच्या गाडीची वेळ झाली तशी चांगुणा उठली. सुभद्राबाईही उठली. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, अजून ती उंबऱ्याबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली नव्हती. विधवेनं इतक्यात बाहेर पडलेलं गावात चालत नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पायांत चपला घातल्या, आणि चांगुणाच्या बरोबरीनं चालू लागली. पांगलेल्या बाया पुन्हा दारादारांत आल्या. दोघी गावातून सरळ फाट्यापर्यंत गेल्या, वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत.

गाडी आली. चांगुणा चढली, खिडकीशी बसली. सुभद्राबाई उन्हात उभी होती. तिनं हात हलवला नाही, डोळे पुसले नाहीत, नुसती बघत राहिली. तिच्या मागून आलेल्या बायांपैकी कुणीतरी तोंडावर हात ठेवून काहीतरी म्हणालं. त्याच वेळी कंडक्टरनं घंटी दिली, इंजिन गुरगुरलं, आणि ते काय होतं ते चांगुणाला ऐकू आलं नाही.